कागदाची फत्तेमारी आणि माझी फाइल

प्रिय रेवा आणि निहार,

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आहे की आजीचं पोट जरा बिघडलं होतं, म्हणून ती यंदा तिकडे आली नाही. तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर मला "आजी, तिखट कमी खा" असा सल्लाही दिलात. सल्ला प्रेमाचा होता, म्हणून त्या वेळी मी गप्प बसले. आता बसणार नाही. आजीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, सहा महिने औषधं झाली. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा तुम्ही सतरा आणि चौदा वर्षांचे होतात, दुधावरची बाळं नव्हतात.

आधी मी तुमच्या आईलाच चार शब्द सुनावले. ती म्हणाली, "अगं, परीक्षा होत्या त्यांच्या." आमच्या घराण्यात अशा वेळी कुणाची तरी परीक्षा असतेच.

म्हणून हे पत्र. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला माहीत आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, बत्तीस वर्षं एका संस्थेच्या ग्रंथालयात इंग्रजी कार्डं लिहिली, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला सोपं होतं. पण राग मला मराठीतच नीट येतो. अडेल तिथे आईला विचारा. म्हणजे तिलाही हे वाचावंच लागेल.

अल्सर

मी दर महिन्याच्या एक तारखेला वजन करते आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर ते लिहिते. चार महिन्यांत सात किलो गेले. मी काही भित्री बाई नाही, पण आकडे वाचता येतात मला. स्वतःहून डॉक्टरकडे गेले, दुर्बिणीची तपासणी करून घेतली. त्यांनी आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला.

माझ्या सगळ्या तपासण्यांची एक निळी फाइल आहे. कागद क्रमाने लावलेले, वर अनुक्रमणिका. त्या तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी माझी फाइल घरातून नाहीशी झाली. विचारलं की तुमचा विनयमामा म्हणायचा, "गाडीत आहे." गाडीत नसायची. मग म्हणायचा, "ऑफिसात राहिली बघ." आणि आजार? "अल्सर आहे गं आई. साधा. पण काढून टाकलेला बरा, असं म्हणतायत."

माझा विश्वास बसला असेल असं वाटतं तुम्हाला? एकवीस वर्षांत जिने मला कधी विचारलं नाही ती शुभामामी रोज सकाळी विचारायला लागली, "आई, आज काय खावंसं वाटतंय?" बेळगावहून माझ्या वन्संचा, म्हणजे आजोबांच्या बहिणीचा फोन आला. हॅलो म्हणायच्या आधीच त्या नाक ओढत होत्या. "काय झालं वन्सं?" "काही नाही गं, सर्दी झालीय." सबंध बेळगावला माझा आजार माहीत होता. मल्लेश्वरमच्या घरात, ज्या बाईच्या पोटात तो होता, तेवढीच एक काय ती अडाणी.

मग ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना भेटायला गेलो. दारातल्या मुलीशी मी कन्नडमध्ये बोलले, कारण ती कन्नड बोलत होती. तेवढ्यावरून आतल्या डॉक्टरसाहेबांनी ठरवून टाकलं की या अज्जीला इंग्रजी येत नाही. माझ्यासमोर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, कॉम्प्युटरवरची नजर न काढता त्यांनी विनयला विचारलं, "डझ शी नो इट्स कॅन्सर?"

विनयमामाचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचं खोटं कानांतूनच बाहेर पडतं.

मी म्हणाले, "शी डझ नाऊ, डॉक्टर."

त्यांनी मान वर केली. "सॉरी, मा," म्हणाले. आणि त्यांचं पुढचं वाक्य? ऑपरेशन कधी, किती तास, आतडं किती कापणार? ते सगळं परत विनयलाच सांगितलं. मी जणू खुर्चीवर ठेवलेली पर्स होते.

 भीती वाटली असं म्हणणार नाही, त्या दिवशी रागाने भीतीला जागाच ठेवली नव्हती. भीती आली पुढच्या एक तारखेला. वजन लिहायला कपाट उघडलं, तर कागदावर पुढच्या डिसेंबरपर्यंतच्या ओळी मी आधीच आखून ठेवल्या होत्या. त्या रिकाम्या ओळींकडे बघत मी कपाटाचं दार धरून उभी राहिले. कितीतरी वेळ. शुभामामी आली. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, मला पलंगावर बसवलं आणि शेजारी बसली. त्या दिवशी मला ती आवडली.

पोट कोणाचं?

भरती होताना एक फॉर्म असतो. भूल देऊ का, कापू का, काही झालं तर तक्रार करणार नाही ना, वगैरे. काउंटरवरच्या माणसाने तो विनयपुढे सरकवला. मी म्हणाले, माझ्याकडे दे. तो हसून म्हणाला, "मगन सही साकु, अज्जी." मुलाची सही पुरे.

"होट्टे यारदु?" मी विचारलं. पोट कोणाचं?

तो म्हणाला, "निम्मदे, अज्जी." तुमचंच.

"मग पेन आण."

मी चारही पानं वाचली. मागे रांग थांबली होती, विनय खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या पानावर माझं वय चुकलं होतं, ते दुरुस्त केलं, शेजारी सही केली. लोकांना वाटलं असेल, काय खट म्हातारी आहे! वाटू दे.

ऑपरेशनचं मी सांगणार नाही, कारण मी झोपले होते. जागी झाल्यावरचं सांगते. पहाटे पाचला दिवा लावून ताप बघतात, आणि इडली नऊला येते. या चार तासांत पेशंटने काय करायचं याचा विचार त्या सबंध इमारतीत कुणी केलेला नाही. पंचविशीची एक डॉक्टर मुलगी रोज येऊन माझ्या गालाला हात लावायची. "अज्जी, मोशन झाली? गुड गर्ल!" बहात्तर वर्षांची बाई, आणि शौचाला झाली म्हणून शाबासकी. एक दिवस मी तिला विचारलं, "तू तुझ्या प्रोफेसरांना असं म्हणतेस का?" ती गोरीमोरी झाली. दुसऱ्या दिवसापासून 'मॅडम' म्हणायला लागली. म्हणजे येत होतं तिला.

पण एक गोष्ट चांगली घडली, तीही लिहायलाच हवी. सुई टोचायला एक केरळची सिस्टर यायची. माझ्या शिरा सापडत नाहीत. ती आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल हातावर ठेवायची आणि विचारायची, "अम्मा, कोणत्या हाताला टोचू?" माझ्या शरीराचं काय करायचं हे त्या हॉस्पिटलात कुणी मलाच विचारलं, ते पहिल्यांदा. मी म्हणाले, "डाव्या. उजव्याने मला लिहायचं असतं." मी तिथे होते तोवर तिने उजव्या हाताला सुई लावली नाही. तिची ड्युटी नसेल तेव्हा इतरांना कळावं म्हणून पलंगाच्या दांड्याला कागदही चिकटवला होता.

पिवळा चेंडू

मग औषधांचे दिवस. दर पंधरा दिवसांनी मल्लेश्वरमहून येलहंक्याच्या बाजूच्या हॉस्पिटलात जायचं, तासन्‌तास खुर्चीत बसायचं, यायचं, दोन दिवस उलट्या, चार दिवस अंथरूण, मग थोडं बरं वाटतंय तोवर पुढची पाळी. या औषधाने गार वस्तू सहन होत नाही. फ्रिजमधल्या दुधाच्या पिशवीला हात लावला की विजेचा झटका बसल्यासारखं होतं. जानेवारीच्या सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. पुढे पुढे बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, नंतर ती बधिर झाली. ब्लाउजचं हूक लावायला शुभामामी लागायची. पेन धरलं की धरलंय हे डोळ्यांनी बघावं लागायचं.

भेटायला येणाऱ्यांनी जीव नकोसा केला. कुणी पपईच्या पानांचा रस सांगितला, कुणी हळदीचं पाणी. वन्सं बेळगावहून आल्या, चार दिवस राहिल्या, त्यांच्या हातचं मऊ वरण मला फार आवडलं. पण मी एकदा जेवताना 'कॅन्सर' म्हणाले तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "अगं, नाव घेऊ नये त्याचं. 'ते' म्हणावं."

"वन्सं, नाव घेतल्याने वाढत असतं तर एकही डॉक्टर जिवंत राहिला नसता."

"तुझ्या जिभेला काही झालेलं नाही हो," त्या म्हणाल्या, आणि मला आणखी भात वाढला.

बोटांसाठी व्यायाम शिकवायला एक मुलगा आला. त्याने मला रबराचा पिवळा चेंडू दिला. चेंडूवर हसरा चेहरा. "अज्जी, रोज शंभर वेळा दाबायचा." त्या हसऱ्या तोंडाकडे बघून माझं डोकं असं तापलं की दुसऱ्याच दिवशी मी विनयला म्हणाले, "माळ्यावरची अप्पांची पेटी काढ."

अप्पांची, म्हणजे तुमच्या आजोबांची, त्या पेटीतली फत्तेमारी तुम्ही पाहिलेली नाही. ते गेले तेव्हा निहार सहा वर्षांचा होता. फत्तेमारी म्हणजे आपल्या किनाऱ्यावर माल वाहणारं जुनं शिडाचं जहाज. दोन डोलकाठ्या, तिरकी मोठी शिडं, पुढचं टोक चोचीसारखं लांब. आजोबांचे आजोबा कारवार बंदरात कारकून होते. मंगळूरहून कौलं भरून मुंबईला जाणाऱ्या फत्तेमाऱ्या तिथे पाणी घ्यायला थांबत. त्या गोष्टी ऐकत आजोबा मोठे झाले, आणि नोकरी केली विमानाच्या कारखान्यात, ड्रॉइंग विभागात. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की फत्तेमारी करायची, आणि कागदाचीच करायची. लाकूड म्हणे कुणीही कापेल. जुनी चित्रं, मोजमापं गोळा करून बत्तीस जाड कागदांवर त्यांनी एकेक भाग स्वतः आखला. कणा, बरगड्या, फळ्या, डोलकाठ्या, सुकाणू, अगदी बादल्यासुद्धा. पाचशे बारा भाग. प्रत्येकाला नंबर. सोबत सूचनांची एक वही.

पेटीत अर्धवट जहाज होतं. कणा आणि त्यावर माशाच्या काट्यासारख्या उभ्या बरगड्या, एका बाजूच्या फळ्या चिकटवलेल्या, दुसरी बाजू उघडी. बाकीचे कागद तसेच, न कापलेले.

मी चेंडू मोलकरणीच्या नातवाला दिला आणि ब्लेड घेतलं.

बाल्कनीतलं बोलणं

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

औषधांच्या मध्यावर एक स्कॅन झाला. विनय म्हणाला, "छान आहे आई, सगळं ठीक." मी फाइल मागितली. "देतो." दोन दिवसांनी दुपारी मी पलंगावर पडले होते, झोपले आहे असं समजून तो बाल्कनीत तुमच्या आईशी फोनवर बोलत होता. "लिव्हरवर एक डाग आहे, चण्याएवढा. नाही, तिला नाही सांगितलं. तूही सांगू नकोस."

मी उठले. भिंत धरत बाल्कनीपर्यंत गेले.

"फोन स्पीकरवर टाक."

"आई, तू झोप..."

"स्पीकरवर टाक, विनय. माधवी, ऐकते आहेस ना? माझं लिव्हर आहे. तुमच्या दोघांचं नाही. डॉक्टरसमोर मी तुला रंगेहाथ पकडलं, तरी तुमची खोड गेली नाही! कुठे आहे माझी फाइल?"

तिकडून तुमची आई रडायला लागली. विनयही एरवी गप्प बसला असता. पण सहा महिने तोही गाडी चालवून, रजा मोजून, रक्ताच्या बाटल्या शोधून थकला होता. त्याने फोन कठड्यावर ठेवला.

"अप्पांना तू काय सांगितलं होतंस, आई?"

मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला,

"कावीळ. पाच महिने. मला आणि माधवीला बजावलं होतंस, 'त्यांच्यासमोर अवाक्षर काढलंत तर याद राखा.' आम्ही कुणाकडून शिकलो असं वाटतं तुला?"

फोनवर तुमच्या आईचं रडणंही थांबलं.  मी आत आले आणि दार लावून घेतलं.

मुलांनो, हे खरं आहे. आजोबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि मी त्यांना ते सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "सांगायचं का?" मी म्हणाले, "नको, ते खचतील." त्यांना विचारलं नाही. डोळे पिवळे झाले होते, कावीळ म्हणून खपून गेलं. ते रोज उसाचा ताजा रस आणायला लावायचे, काविळीला तो देतात म्हणून. एका संध्याकाळी ते फत्तेमारीपुढे बसून म्हणाले, "दमट हवेत कागद फुगतो. पावसाळा संपला की शिडं कापू."

मी म्हणाले, "घाई काय आहे?"

डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखा मला माहीत होत्या. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

मी इतके महिने ज्या गोष्टीवरून घर डोक्यावर घेतलं होतं, ती या घरात मीच आणली होती. तरी विनयचं चुकलंच, हे मी अजूनही म्हणते. माझं चुकलं म्हणून त्याचं बरोबर ठरत नाही. संध्याकाळी तो आला, निळी फाइल माझ्या टेबलावर ठेवून गेला. 

नंबर

दुसऱ्या दिवसापासून मी जहाजावर तुटून पडले. रागात काम जरा जास्तच शिस्तीत होतं. ग्रंथालयात पुस्तकं आली की आम्ही आधी वर्गवारी करायचो, मग मांडायचो. तसं मी दुसऱ्या बाजूच्या सगळ्या फळ्या एकदमच कापून घेतल्या. बधिर बोटांनी आठवडा लागला. एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावून पाकिटांत भरल्या, पाकिटांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, कचरा शुभामामीने टाकला.

मग चिकटवायला बसले आणि लक्षात आलं. आजोबांनी नंबर पट्टीवर लिहिले नव्हते, जहाजावर दिसू नयेत म्हणून. पट्टीच्या कडेला, बाहेरच्या कागदावर लिहिले होते. म्हणजे सगळे नंबर मी कापून कचऱ्यात टाकले होते. अठ्ठावन्न पट्ट्या, आणि कुठली कुठे बसते हे सांगणारं काही नाही. जन्मभर वस्तूंना नंबर देऊन जगलेल्या बाईने हे केलं!

बसून रडले. कॅन्सर कळला तेव्हा रडले नव्हते.

शुभामामी म्हणाली, "आई, वहीत मापं असतील ना?" वही मी सुरुवातीची चार पानं वाचून बाजूला ठेवली होती. इंग्रजी मोठ्या अक्षरांत कारखान्यातल्यासारखं लिहिलेलं होतं, कापा, दाबा, घडी घाला, वाळू द्या, आणि ते मला कंटाळवाणं वाटलं होतं. आता मापांचा तक्ता शोधत मी शेवटाकडून पानं उलटायला लागले.

शेवटची सहा पानं मराठीत होती. पेन्सिलीने, हलत्या हाताने लिहिलेली.

"शिडं. आधी पंखा बंद कर. चष्मा बदललेला नसशील तर पहिला तो बदल. कात्री वापरू नकोस, कात्रीने तू सगळं सरळ कापतेस. शिडाची कड थोडी फुगीर हवी. संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घे, मग ब्लेड. दोरा गोधडी शिवताना धरतेस तसाच धर. आणि सगळे भाग एकदम कापून पाकिटांत भरू नकोस. मी तुला ओळखतो. भरलेच असशील, तर पुढच्या पानावर लांबीचा तक्ता दिला आहे."

मी ते पान पुन्हा वाचलं. मग पुन्हा. पुढच्या पानावर तक्ता होता. अठ्ठावन्न पट्ट्या, मिलिमीटरमध्ये.

माणूस स्वतःसाठी असं लिहीत नाही. त्यांना माहीत होतं. हे जहाज आपण पुरं करणार नाही, मी करणार, हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी मला ते सांगितलं नाही! मी दारामागे जाऊन डोळे पुसायचे आणि हसत बाहेर यायचे, आणि हा माणूस मला हसू देत होता. पाच महिने एका घरात, एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून आम्ही एकमेकांना फसवत राहिलो. केवढा तो अपव्यय! बोलायला पाच महिने होते आमच्याकडे. मी त्यांच्यावर इतकी चिडले की भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून बसले.

विनय ऑफिसातून आला तेव्हा वही त्याच्यापुढे टाकली. त्याने उभ्या उभ्याच वाचली.

"त्यांना उसाचा रस मुळीच आवडत नव्हता," मी म्हणाले.

"माहीत आहे. मीच आणायचो ना," विनय म्हणाला. मग चपलांसकट माझ्याशेजारी येऊन बसला. "आई, पुढचा रिपोर्ट मी उघडणार नाही."

पाकीट

औषधं संपली. शेवटचा स्कॅन झाला. विनय हॉस्पिटलातून पाकीट घेऊन आला. बंद होतं, आणि त्याचे कान लाल नव्हते. मी जहाजाचे कागद कापायच्या ब्लेडने ते उघडलं, चष्मा लावला (नवीन, हो, बदलला), आणि मोठ्याने वाचलं, त्याला आणि शुभामामीला ऐकू जाईल असं. फोनवर तुमची आई होती.

तुम्हालाही जसंच्या तसं सांगते. आतडं स्वच्छ आहे. लिव्हरवरचा डाग लहान झाला आहे, गेलेला नाही. चण्याएवढा होता, मुगाएवढा आहे. पुढच्या महिन्यापासून दुसरं औषध सुरू होईल. ते लागू पडेलही, पडणारही नाही. डॉक्टरांना मी विचारलं, "माझ्याकडे किती वेळ आहे?" या वेळी ते विनयकडे वळले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "मला माहीत नाही, मॅडम." त्या हॉस्पिटलातलं एवढं सरळ उत्तर मला पहिल्यांदाच मिळालं.

तुमच्यापैकी कुणावर, किंवा तुमच्या आईवर, कधी असा प्रसंग आला तर एवढं लक्षात ठेवा: ज्याचं शरीर, त्याची फाइल. आधी त्याला विचारा, त्याला किती ऐकायचं आहे. नको म्हणाला तर तेही त्याचंच. पण विचारायच्या आधी त्याच्या वतीने ठरवू नका. प्रेमापोटी तर मुळीच नको. आम्ही सगळ्यांनी जे केलं ते प्रेमापोटीच केलं होतं.

फत्तेमारी आता खिडकीशी उभी आहे. पट्ट्या तक्त्याप्रमाणे बसल्या, एक सोडून. ती मी उलटी लावली आहे आणि कुठली ते सांगणार नाही, निहार शोधेल. शिडांची कड फुगीर आली. फक्त पोट रिकामं आहे. माल भरायचा राहिलाय. शेवटच्या दोन कागदांवर तीनशे कौलं आखली आहेत, प्रत्येक नखाएवढं. कापायचं, मधोमध दाबायचं, वाकवायचं, एकावर एक रचायचं. मी प्रयत्न केला. दिवसाला दोन होतात, आणि तीही चुरगळतात. माझ्या बोटांना ती कळतच नाहीत. आजोबांच्या वहीतली अगदी शेवटची ओळ अशी आहे: "कौलं एकटीने करू नकोस, कंटाळशील. पोरांना बसव."

तुमची आई म्हणते आहे, या सुट्टीत रेवाची कसलीशी शिबिरं आहेत, पुढच्या वर्षी निवांत येऊ. तिकिटंही तेव्हा स्वस्त मिळतील म्हणे. मी एकदा एका माणसाला म्हणाले होते, घाई काय आहे. तुम्हाला तसं म्हणणार नाही.

घाई आहे. या.

तुमची आजी